ऑगस्टची सुट्टी आणि डिसेंबरची घाई

गेल्या काही वर्षांत भारतीय विमान कंपन्यांनी एवढ्या मोठ्या ऑर्डरी दिल्या, की 'डिलिव्हरी' हा कारखान्यातला शब्द आपल्या घराघरांत पोचला. जून २०२३ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये इंडिगोने एअरबसकडे एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी एअर इंडियाने एअरबस आणि बोइंग मिळून ४७० विमाने मागवली. ही विमाने कधी येणार, यावर नवे मार्ग, तिकिटांचे दर आणि कितीतरी तरुणांच्या नोकऱ्या अवलंबून आहेत. म्हणून एअरबसने महिन्याला किती विमाने ग्राहकांच्या ताब्यात दिली, याची बातमी आता आपणही वाचतो. त्या बातम्यांत बऱ्याचदा एक मथळा दिसतो : 'ऑगस्टमध्ये डिलिव्हरी घटल्या.' बातमी खरी असते, पण तिचा अर्थ लावताना गफलत होते. माझे आयुष्य कारखान्याच्या उत्पादन-नियोजनात गेले, त्यामुळे या आकड्यांशी माझी जुनी ओळख आहे.

२०२४ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी एअरबसने ७६६ विमाने दिली. बाराने भागले तर महिन्याला साधारण ६४ येतात. प्रत्यक्षात जानेवारीत ३०, जुलैत ७७, ऑगस्टमध्ये ४७, सप्टेंबरमध्ये ५० आणि डिसेंबरमध्ये तब्बल १२३ विमाने गेली. सरासरीच्या जवळपास बसणारे महिने थोडेच. मग जुलैचे ७७ ऑगस्टमध्ये ४७ का झाले?

पहिले कारण सुट्टीचे. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑं ब्लूम यांच्या सरकारच्या काळात मोठे संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. पुढे १९५६ मध्ये ती तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवडे झाली. शाळांना सुट्टी आणि ऊन चांगले, म्हणून बहुतेक कुटुंबे ती रजा जुलै-ऑगस्टमध्येच घेतात. तुलूझचा विमान कारखाना याच समाजाचा भाग आहे. तिथे ऑगस्टमध्ये कामाचा वेग उतरतो, यात आश्चर्य ते काय?

पण एका गावची सुट्टी सगळ्या जगाला का जाणवावी? कारण एअरबसचे विमान एका गावात तयार होत नाही. ए-३२० जातीच्या विमानाचे पंख वेल्समधल्या ब्रॉटनहून येतात, आडवी शेपटी स्पेनमधून, उभी शेपटी जर्मनीतल्या श्टाडहून, आणि धडाचे भाग फ्रान्स व जर्मनीतून. त्यांची अंतिम जुळणी तुलूझ आणि हॅम्बर्गला होते, तशीच चीनमधल्या तिआंजिनला आणि अमेरिकेतल्या मोबीलला. चीन-अमेरिकेत ऑगस्टची सुट्टी नसली, तरी मोठे भाग युरोपातूनच यायचे असतात. अशा साखळीत एकाने थांबायचे आणि बाकीच्यांनी पळायचे, यात शहाणपण नसते. नुसता अर्धवट माल साठत जातो. त्यापेक्षा सगळ्यांनी साधारण एकाच वेळी हात सैल सोडलेले बरे. शिवाय यंत्रे उघडून दुरुस्त करायला, नवे फिक्स्चर बसवायला हीच वेळ सापडते. आमच्याकडे शटडाऊन जाहीर झाला की इतरांची सुट्टी सुरू होई आणि मेंटेनन्सवाल्यांची खरी धावपळ!

आता दुसरी गोष्ट, जी वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. 'उत्पादन' आणि 'डिलिव्हरी' हे दोन वेगळे हिशेब आहेत. जुळणी संपली म्हणजे विमान दिले असे नव्हे. त्यानंतर रंग, जमिनीवरच्या चाचण्या, चाचणी-उड्डाण, मग ग्राहकाच्या माणसांची तपासणी आणि शेवटी पैसे व मालकीची कागदपत्रे. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून ऑगस्टमध्ये जुळणी मंदावली, तर तिची सावली सप्टेंबरवरही पडते. २०२४ च्या सप्टेंबरचे ५० हे तसेच वाचता येतात. उलट विमान तयार असूनही डिलिव्हरी अडू शकते. जून २०२५ अखेर एअरबसकडे सुमारे ६० विमाने इंजिनांची वाट पाहत उभी होती. कारखान्यातली मंडळी अशा विमानांना 'ग्लायडर' म्हणतात. हा अडथळा कुणाच्या सुट्टीमुळे आलेला नव्हता.

मग डिसेंबरचे १२३ कुठून आले? कंपनी उद्दिष्ट जाहीर करते ते वर्षाचे, आणि किमतीचा मोठा हिस्सा हाती पडतो तो विमान ताब्यात देताना. त्यामुळे मागे पडलेले सगळे वर्षअखेर दाराबाहेर काढण्याची धडपड असते. म्हणूनच पुढचा जानेवारी रिकामा दिसतो. कोठार रिकामे झाले की दुसऱ्या दिवशी मापात काय येणार?

माझ्या मते काळजी करायची तर ती ऑगस्टच्या सुट्टीची नव्हे. ती सुट्टी कॅलेंडरवर आधीपासून लिहिलेली असते, वर्षाच्या आराखड्यात धरलेली असते. कॅलेंडरवर नसतात त्या गोष्टी घातक : न आलेले इंजिन, सदोष पत्रा. एअरबसने २०२२ मध्ये सांगितले होते, की ए-३२० जातीची विमाने २०२५ मध्ये महिन्याला ७५ या वेगाने बनतील. २०२४ मध्ये ती मुदत २०२७ वर गेली. त्याला पुरवठ्याची ओढाताण कारण होती, कामगारांची रजा नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये धडाच्या काही पत्र्यांच्या दर्जात दोष आढळला, तेव्हा कंपनीने वर्षाचे उद्दिष्ट ८२० वरून सुमारे ७९० वर आणले. शेवटी ७९३ विमाने दिली. आकडा कमी केला, पण तपासणी सोडली नाही, हे प्रवासी म्हणून मला महत्त्वाचे वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी ऑगस्टचा आकडा वाचाल तेव्हा त्याची तुलना जुलैशी करू नका, मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी करा. त्याहून बरे म्हणजे जानेवारीपासूनची बेरीज मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर इंजिने कुठे अडली, ते विचारा. विमानाच्या पंखात रिव्हेट मारणारा माणूस वर्षातून काही आठवडे मुलाबाळांबरोबर समुद्रावर गेला, याचा हिशेब विमानात बसणाऱ्यांनी तोट्याच्या रकान्यात मांडू नये. ताज्या हाताने मारलेला रिव्हेट आपल्याच कामाचा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)