माल भरण्याआधी गुणाकार करा

रमजान ईद जवळ आली की आपल्यातील अनेक तरुण दुकानदार कुर्त्यांचा माल भरतात. ईद होऊन गेल्यावर मात्र निम्मा माल कपाटातच राहतो आणि भांडवल अडकते. यामागे नशिबापेक्षा हिशेबाची चूक जास्त असते. अशा हिशेबाला गणितात मोजणीचे शास्त्र म्हणतात. ते अवघड नाही.

समजा कुर्त्याची मापे ६, रंग ५ आणि नमुने ४ आहेत. किती प्रकार झाले? बरेच जण ६, ५ आणि ४ यांची बेरीज करून १५ म्हणतील. प्रत्यक्षात प्रत्येक मापाला प्रत्येक रंग आणि प्रत्येक नमुना लागतो, म्हणून ६ × ५ × ४ = १२० प्रकार होतात. प्रत्येकी ३ नग ठेवले तर ३६० नग. खरेदी २५० रुपये धरली तर ९०,००० रुपये लागतील. हातात ५०,०००च असतील तर बाकीची उधारी!

आता एक रंग कमी करा आणि प्रत्येकी २ नगच ठेवा. ६ × ४ × ४ = ९६ प्रकार, १९२ नग, खर्च ४८,००० रुपये. उधारीची गरजच उरली नाही.

नियम असा की 'हे आणि ते' असेल तेथे गुणाकार आणि 'हे किंवा ते' असेल तेथे बेरीज. कुर्त्यांसोबत टोप्याही ठेवल्या, त्यांची मापे ४ व रंग ३ असतील, तर टोप्यांचे प्रकार १२. दुकानातील एकूण प्रकार १२० + १२ = १३२.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुमच्याकडे ५ प्रकारचे अत्तर आहे व तीन वेगवेगळ्या कुप्यांची भेटपेटी करायची आहे. पहिली कुपी ५ प्रकारे, दुसरी ४, तिसरी ३ प्रकारे निवडता येते, म्हणजे ६०. पण पेटीत गुलाब आधी ठेवला काय किंवा खस आधी ठेवला काय, पेटी तीच. तीन वस्तू ३ × २ × १ = ६ प्रकारे मांडता येतात, म्हणून ६० ला ६ ने भागा. खऱ्या पेट्या १०च. तिजोरीच्या कुलपाच्या आकड्यांत मात्र क्रमाला महत्त्व असते, तेथे हा भागाकार करायचा नाही.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. आठव्या शतकात बसऱ्याचे भाषापंडित खलील बिन अहमद यांनी 'किताबुल ऐन' हा अरबी शब्दकोश रचताना तीन अक्षरांच्या सहाही मांडण्या एकत्र घेऊन त्यांतील वापरात असलेले शब्द नोंदवले. अरबीच्या २८ अक्षरांतून तीन वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या २८ × २७ × २६ = १९,६५६ होतात. भास्कराचार्यांनीही ११५० च्या सुमारास 'लीलावती'त अशी गणिते दिली आहेत.

तेव्हा घाऊक बाजारात जाण्यापूर्वी वहीत मापे, रंग, नमुने लिहा व गुणाकार करा. आकडा खिशापेक्षा मोठा आला तर यादीतील एक ओळ खोडा. कर्जापासून वाचलेल्या धंद्यात, इन्शाअल्लाह, बरकत राहील.