पहिल्यांदा अंदमानला जाताय?

मे महिना निम्मा सरला, की ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी येते. उकाड्याने हैराण झालेला माणूस ती वाचतो, बोटांवर दिवस मोजतो आणि पान उलटतो. अंदमानशी आपली वार्षिक भेट एवढीच. दुसरी ओळख शाळेतली: सावरकर, कोलू, काळं पाणी. तिसरी अलीकडची, जाहिरातींतली: हिरवंनिळं पाणी, पांढरी वाळू आणि खाली ‘पाच रात्री, सहा दिवस, चहा-नाश्त्यासह’.

घोळ होतो तो या तिसऱ्या ओळखीपाशी. केरळ किंवा राजस्थानची सहल आखावी तशीच आपण ही आखायला बसतो. सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरं, ड्रायव्हर हाताशी आहेच. काही राहिलं तर रात्री तासभर जास्त गाडी हाकायची. अंदमानात दोन ठिकाणांच्या मध्ये समुद्र आहे. बोट किती वाजता सुटणार, मुळात सुटणार की नाही, हे शेवटी तो ठरवतो. एवढं मनाशी पक्कं केलं की पुढची आखणी सोपी आहे.

आधी नकाशा काढा. बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेली ही माळ आहे. लहानमोठी बेटं आणि खडक मिळून ८३६. त्यांतली वस्ती असलेली जेमतेम तिसेक. वरच्या टोकापासून ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटपर्यंत साडेसातशे किलोमीटरांहून जास्त अंतर भरतं, म्हणजे आपल्या अख्ख्या समृद्धी महामार्गापेक्षा अधिक. मधल्या टेन डिग्री चॅनलच्या खाली निकोबार. त्याचा बहुतेक भाग आदिवासींसाठी राखीव आहे, त्यामुळे पहिल्या सहलीत त्याचा विचार नको. अंदमानातही उत्तरेकडचं दिगलीपूर, तिथला ७३२ मीटर उंचीचा सॅडल पीक, कासवांचे किनारे हे सगळं दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीनच नावं धरावीत: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील.

ही नावं आता बदलली आहेत. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमान आणि निकोबार बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं दिली. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं असतात, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. दोन्ही ठाऊक असू द्या, नाहीतर भलत्याच बेटाचं बुकिंग झालं म्हणून धक्क्यावर घरातल्या घरात वाद सुरू होतात.

आता उजेडाचं गणित, कारण सहलीचा निम्मा घोटाळा त्यातच होतो. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एक. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य मुंबईपेक्षा तब्बल ऐंशी मिनिटं पुढे चालतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य बुडालेला असतो. साडेपाचला मिट्ट काळोख. दुपारी जेवून, जरा आडवं होऊन, चहा घेऊन ‘चला, आता बीचवर’ म्हणणारं कुटुंब पोहोचतं तेव्हा सुरक्षारक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत असतात. उलट पहाटे पाचला फटफटलेलं असतं. तेव्हा तिथे असेपर्यंत सकाळी साडेचारला उठायचं आणि रात्री साडेआठला झोपायचं. नातवंडं कुरकुरतील, आजी-आजोबा खूश होतील.

मोसमाचा हिशेबही आपल्यापेक्षा वेगळा. आपल्याकडे पाऊस गणपती-नवरात्रानंतर आवरतो. अंदमानला नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरला की ईशान्येचा सुरू होतो आणि तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, आणि त्यांतल्या अनेकांचा जन्म अंदमान समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यातच होतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी, जी आपल्याला सोयीची, तीच तिथे बेभरवशाची. नाताळात हवा सुधारते, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. सर्वांत चांगला काळ जानेवारी ते मार्च. शाळकरी मुलं असतील तर परीक्षा उरकल्या उरकल्या, मान्सूनची ती बातमी यायच्या आत. उकाडा कोकणातल्यासारखाच असेल, पण समुद्र बरा असतो.

पोहोचायला विमान. चेन्नई किंवा कोलकात्याहून दोन-सव्वादोन तास. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात. त्यांना तीनेक दिवस लागतात. हाताशी भरपूर वेळ आणि पोट घट्ट असेल त्यानेच त्या वाटेला जावं.

बेटाबेटांत फिरायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. सरकारी बोट स्वस्त, सावकाश. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला दोन-अडीच तास घेते. खासगी कंपन्यांच्या वातानुकूलित बोटी दीड तासात पोहोचवतात, पैसे बरेच जास्त. स्थानिक लोकांचं सगळं आयुष्य सरकारी बोटीवर चालतं. भाजीचे हारे, दवाखान्यात निघालेली म्हातारी, कॉलेजची पोरं तिच्यातच असतात, त्यामुळे पर्यटकाने ऐन वेळी जाऊन जागेची अपेक्षा करू नये. बोट लागण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग बहुतेक वेळा शेजाऱ्यालाही होत नाही.

क्रम कसा लावायचा? माझं मत स्पष्ट आहे: उतरल्याची रात्र पोर्ट ब्लेअरला, मग तीन रात्री स्वराज द्वीप, एक शहीद द्वीप आणि परतीच्या विमानाआधीची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. बोट आणि विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका, एजंटने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, त्यावर कोणाचा इलाज नसतो. शहरातली प्रेक्षणीय स्थळं शेवटच्या दिवसासाठी राखली तर एखादी फेरी चुकल्यावर गळतील ती तीच. समुद्र गळणार नाही.

फक्त सेल्युलर जेल गळू देऊ नका. ते पहिल्याच दुपारी पाहा आणि घाईने पाहू नका. १८९६ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९०६ मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्यातून फुटलेल्या सात तीनमजली इमारती होत्या. आज तीन उभ्या आहेत. पडलेल्यांच्या जागेवर सरकारी रुग्णालय उभं राहिलं. उरलेला भागही जायचा, तो जुन्या राजबंद्यांनी आवाज उठवल्यामुळे वाचला आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते राष्ट्रीय स्मारक झाला.

गाइड भराभर पुढे नेतो. तुम्ही एका कोठडीच्या दाराशी थांबा आणि कडी पाहा. लोखंडी अडसर दारापाशी संपत नाही. तो भिंतीतल्या खोबणीत हातभर आत जातो आणि कुलूप तिथे लागतं, म्हणजे गजांतून हात घालून कैद्याची बोटं कुलपाला लागणारच नाहीत. आत साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद जागा आणि दहा फुटांवर एक झरोका. एका इमारतीची दारं दुसरीच्या पाठीकडे उघडतात. सातशेच्या आसपास कोठड्या, पण समोरासमोर एकही नाही. माणसाला माणूस दिसू नये हा विचार चुन्याविटांत किती चोख उतरवला होता, हे कडी आणि दारांच्या दिशा पाहिल्यावर जितकं समजतं तितकं फलक वाचून समजत नाही.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला विनायक दामोदर सावरकरांची कोठडी आहे, खाली फाशीघर. ते इथे ४ जुलै १९११ रोजी आले. थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच याच तुरुंगात होते. दोघांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत नेलं. बहुतेक मराठी माणसं या कोठडीत नमस्कार करून, फोटो काढून जिना उतरतात. माझा आग्रह असा, की मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवरची बाकीची नावंही वाचा. बंगाल आणि पंजाबची नावं पानंच्या पानं भरतील इतकी आहेत आणि त्यांतली बहुतेक आपण कधी ऐकलेलीही नसतात. अंगणात कोलू मांडलेला आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं हे त्यावरचं काम. जाण्याआधी ‘माझी जन्मठेप’ पुन्हा वाचलंत तर गाइडची फारशी गरज उरणार नाही. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं मात्र आधी काढा.

तुरुंगाच्या आवारातून समोर दिसतं ते रॉस, इंग्रजांची राजधानी. नाचघर, चर्च, बेकरी, सगळा थाट. १९४१ च्या भूकंपाने आणि पुढल्या वर्षी आलेल्या जपान्यांनी तो संपवला. आता भिंतींना मुळांनी विळखे घातलेत आणि हरणं माणसांच्या मागे खाऊसाठी फिरतात. सकाळचे दोन तास पुरतात.

स्वराज द्वीपवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. गावांना नंबर: तीन नंबर बाजाराचा, पाच नंबर विजयनगरचा, सात नंबर राधानगरचा. याच राधानगरच्या किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातला उत्कृष्ट किनारा म्हटलं. जाहिराती खोटं बोलत नाहीत, असं म्हणावं लागेल अशी ही एक जागा. पण पाण्याकडे धावण्याआधी मागे वळून झाडं पाहा. समुद्री मोहाची ती उंच, सरळसोट झाडं थेट वाळूपर्यंत आली आहेत. अशी रांग आपल्या किनाऱ्यांवर सुरूची पाहायची सवय, आणि तीही माणसाने लावलेली.

पोवळ्यांसाठी एलिफंट बीच. तिथे स्नॉर्केलिंग पुरे. ज्यांना खोल जायचं त्यांनी स्कूबा करावं. वय दहा पूर्ण हवं, प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या डुबकीला पोहता येण्याची अट नसते, पण दमा, कान किंवा हृदयाचा त्रास लपवू नका. आणखी एक गोष्ट तारखा ठरवतानाच पाहावी लागते: डुबकीनंतर किमान अठरा तास, चोवीस असतील तर उत्तम, विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ हवा. म्हणून स्कूबा सहलीच्या मध्यावर, शेवटी नाही.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे आहेत. खारफुटीच्या खाड्यांत त्या राहतात, कधी किनाऱ्याशी येतात. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जाळी लावलेल्या, रक्षक असलेल्या जागीच पाण्यात उतरा. ‘इथे मगरी आहेत’ या पाटीशेजारी सेल्फी काढून पुढे घुसणारे बहाद्दर आपल्यातच असतात.

शहीद द्वीप लहान, सपाट, सायकलवर फिरण्याजोगं. किनाऱ्यांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. खडकाची नैसर्गिक कमान पाहायची तर ओहोटी हवी. मुंबईत तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात तो हिशेब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. हॉटेलात आदल्या रात्री विचारा. कालनिर्णयाचा एक उपयोग मात्र आहे: अमावास्येच्या आसपास गेलात तर काळोख्या पाण्यात हात फिरवल्यावर निळसर चमचम दिसण्याची शक्यता जास्त.

राहिलं बाराटांग. तिथल्या चुनखडीच्या गुहांची सहल जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये असते. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगला गाड्यांचा ताफा बनवून पोलीस बंदोबस्तात सोडतात. जारवा आजही काही शेच आहेत आणि बाहेरच्यांचे आजार त्यांना घातक ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश २००२ मध्येच दिला होता. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचं आमिष दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. फोटो काढणं, थांबणं, काही देणं हे सगळे गुन्हे आहेत. कायद्याने जाता येतं, पण काचेतून ‘दिसतात का’ म्हणून माना वळवत जाणाऱ्या त्या रांगेत मला बसायचं नाही. गुहा बऱ्या आहेत, अप्रतिम नाहीत. तो दिवस वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्या. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातलं जॉली बॉय बेट ठरावीक महिनेच उघडं असतं, प्लॅस्टिक चालत नाही, परवाना आधी घ्यावा लागतो.

भाषेची काळजी नको, हिंदी सगळीकडे चालते. चेन्नईहून समुद्राखालून आलेल्या केबलमुळे २०२० पासून मोबाइल सुधारलाय, तरी रोख पैसे जवळ ठेवा. वाळूतले किडे चावतात. पाय झाकणारे कपडे आणि मलम असू द्या. शिंपले-पोवळ्यांचे तुकडे उचलू नका. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत पिशव्या रिकाम्या कराव्या लागतात. हौस असेल तर सरकारी ‘सागरिका’ दुकानातून घ्या आणि पावती जपा.

जानेवारी-फेब्रुवारीचा बेत असेल तर विमानाची तिकिटं याच आठवड्यात पाहा, आणि ती हाती येताच बोटीची.