महिन्याभरात फिनिशर?

बांधकामाच्या कामासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांना हमखास ऐकवलं जातं: 'महिन्याभराचा कोर्स करा, इंटरनॅशनल सर्टिफिकेट घ्या, अमेरिका-कॅनडात ड्रायवॉल फिनिशरचं काम पक्कं.' हे ऐकून कान किटले, पण त्यात तथ्य सापडत नाही. जिप्सम बोर्डाचे सांधे भरणाऱ्या कामगारासाठी अमेरिकेत देशभर चालणारा असा परवानाच नाही. तिथल्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या नोंदीनुसार या कामाला कोणतीही औपचारिक शैक्षणिक पात्रता लागत नाही. काम साइटवरच शिकायचं असतं. परवाना विचारतात तो ठेकेदाराला. कॅलिफोर्नियात ड्रायवॉलच्या ठेकेदारीसाठी 'सी-९' परवाना आहे आणि तो मागणाऱ्याला आधी चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. रीतसर शिकायचं तर उमेदवारी. तासांवर मोजल्या जाणाऱ्या नोंदणीकृत उमेदवारीत पगारी कामाचे किमान २००० तास भरावे लागतात, शिवाय वर्षाला १४४ तास वर्गातलं शिक्षण असावं अशी शिफारस आहे. फिनिशरची उमेदवारी सहसा तीन-चार वर्षं चालते. महिना कुठे आणि हे कुठे!

एवढा वेळ कशाला, पुट्टीच तर मारायची आहे, असं कुणी म्हणेल. त्याने बोर्डाच्या आखूड कडांचा सांधा एकदा नीट पाहावा. लांब कडा कारखान्यातच किंचित उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे टेप आणि पुट्टी त्या खोलगटात बसते. आखूड कडा मात्र पूर्ण जाडीच्या. तिथे टेप लावली की उंचवटा येणारच. तो घालवता येत नाही, फक्त दोन्ही बाजूंना फूटभर पसरवून नजरेआड करता येतो. तयार पुट्टी पाणी उडताना आकसते, म्हणून पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की खिडकीतून तिरका उजेड पडल्यावर सगळं उघडं पडतं. जिप्सम असोसिएशनच्या 'जीए-२१४' या दस्तऐवजात फिनिशच्या ० ते ५ पातळ्या दिल्या आहेत. मॅट रंगाच्या साध्या भिंतीला चौथी सहसा पुरते. चकचकीत रंग किंवा तिरका उजेड असेल, तर सबंध पृष्ठभागावर पातळ थर देणारी पाचवी लागते. ही यादी एका दुपारी पाठ होते. हात मात्र एका दुपारी बसत नाही.

मग सगळी प्रमाणपत्रं खोटी का? मुळीच नाही. कॅनडात 'ड्रायवॉल फिनिशर अँड प्लास्टरर' या कामासाठी रेड सीलची परीक्षा आहे आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याची पत देशभर मानली जाते. पण त्या परीक्षेला बसायलाच उमेदवारी पूर्ण केलेली असावी लागते किंवा तेवढ्या कामाचा पुरावा लागतो. आपल्याकडे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग'सुद्धा आधीपासून असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन त्यावर शिक्का मारतं. म्हणजे दोन्हीकडे आधी हात, मग कागद. छोट्या कोर्समध्ये हत्यारांची ओळख होते, साहित्य कळतं, सुरक्षेचे नियम समजतात. साइटवर पहिलं पाऊल ठेवायला तेवढं उपयोगी आहे. पण त्याच्या जोरावर कुणी कुशल कामगाराची मजुरी देईल, ही आशा धरू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचं दहा तासांच्या प्रशिक्षणाचं कार्ड म्हणजे कसबाचं प्रमाणपत्र नव्हे. ती सुरक्षेची तोंडओळख आहे, आणि ते प्रमाणपत्र नाही हे ओशा स्वतःच सांगते. पॉलिश पेपर मारताना उडणारी धूळ निरुपद्रवी नाही: अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या पाहणीत ती ओशाच्या मर्यादेच्या, म्हणजे घनमीटरला १५ मिलिग्रॅमच्या, दहा पटींपर्यंत आढळली होती, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. आणि कोणत्याही कोर्ससोबत व्हिसा मिळत नाही, परदेशात काम करण्याची परवानगी ही वेगळीच बाब आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा की साइटवरचे पगारी तास किती आणि त्यांची नोंद कोण ठेवतं. एजंट मध्ये असेल, तर त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा.