बीटी वांगे : ताटात येण्याआधीचे प्रश्न

वांगी चिरताना आत अळी निघण्याचा अनुभव बहुतेक घरांत येतो. शेंडा व फळ पोखरणारी ही अळी एकदा फळात शिरली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे वाडी पालघर तालुक्यातील माकुणसारची असो वा शेत विदर्भातले, तिला फळाबाहेर असतानाच गाठावे लागते. त्यासाठी वारंवार फवारणी होते आणि तिचा अंश ग्राहकाच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊ शकतो. याच अळीवर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे विकसित केले. मात्र हा उपाय खाणाऱ्याच्या आरोग्याला कितपत सुरक्षित, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस' या मातीतील जिवाणूचे एक जनुक या वांग्यात घातलेले असते. त्यामुळे झाड 'क्राय१एसी' हे प्रथिन स्वतःच तयार करते. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी वातावरणात हे प्रथिन कार्यक्षम होते, तेथील विशिष्ट ग्राहकरेणूंना चिकटते व आतड्याला छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि ते ग्राहकरेणू आपल्या आतड्यात आढळत नाहीत. अळीला मारक ठरणारे प्रथिन माणसाला अपायकारक नाही, या दाव्याचा आधार हाच आहे.

तरीही शंका निराधार म्हणून झटकता येत नाहीत. पहिली शंका ॲलर्जीची. ब्राझील नटमधील जनुक घातलेल्या सोयाबीनमुळे त्या नटची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. जनुकीय बदलामुळे धोका निर्माण होऊ शकतो आणि योग्य चाचणीने तो वेळीच ओळखता येतो, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणातून स्पष्ट होतात. दुसरी शंका दीर्घकालीन परिणामांची. बीटी वांग्यासाठी उंदरांवर ९० दिवसांच्या चाचण्या झाल्या. हा काळ अपुरा आहे आणि ज्याला बियाणे विकायचे त्यानेच चाचण्या कराव्यात हे योग्य नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये याच वांग्याला परवानगी दिली. तेथे कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले. बाजारात आलेली जनुकीय परिवर्तित पिके खाण्याने माणसाच्या आरोग्याला पारंपरिक पिकांपेक्षा अधिक धोका असल्याचा सिद्ध पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये काढला. नव्या वाणांची तपासणी मात्र व्हायलाच हवी, असेही तिने बजावले.

वांगे अडले असले तरी जनुकीय परिवर्तित पिके आपल्या आहारात केव्हाच शिरली आहेत. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच्या सरकीचे तेल खाद्यतेल म्हणून वापरले जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे तेल खाणे आणि आख्खे वांगे खाणे यांची तुलना होऊ शकत नाही. पण आपण काय खातो, हे ग्राहकाला ठाऊक असते का? जनुकीय परिवर्तित घटक असलेल्या पाकिटावर 'जीएम' असे छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. मंडईत टोपलीतून विकल्या जाणाऱ्या वांग्यावर मात्र असा शिक्का मारता येत नाही.

म्हणूनच 'जीएम अन्न चांगले की वाईट' असा सरसकट प्रश्न विचारून भागणार नाही. कोणत्या पिकात कोणते जनुक घातले, त्याची तपासणी कोणी व किती काळ केली आणि ती माहिती सर्वांना पाहता येते काय, हे प्रत्येक वाणाबाबत स्वतंत्रपणे विचारावे लागेल. हीच कसोटी फवारलेल्या वांग्यालाही लावायला हवी. बीटी वांगे नाकारले म्हणून ताटातले वांगे आपोआप निर्धोक ठरत नाही.