मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि संगणकाची भाषा

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रविष्ट होणाऱ्या विद्यार्थ्याची संगणकाविषयीची कल्पना बहुधा दोन टोकांपैकी एका टोकास असते. एकास वाटते की, मन जाणावयाचे तर संगणकाशी आपला संबंध काय? दुसऱ्यास वाटते की, कोणती कळ केव्हा दाबावयाची एवढे कळले म्हणजे काम भागले. पहिला समज प्रबंधिकेचे वर्ष उजाडताच आपोआप दूर होतो. दुसरा मात्र पदवी हाती पडल्यानंतरही टिकून राहतो, आणि तोच अधिक घातक होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, संशोधनास उपयोगी पडणारी आज्ञावली शिकणे हे यंत्र चालविण्यापेक्षा भाषा शिकण्याच्या अधिक जवळचे आहे, आणि तसे मानून शिकविल्यास आमच्याकडील विद्यार्थ्याची पुष्कळशी भीती निराधार ठरते.

अकोला जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजेच आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, क्षेत्रात येतात. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर येथून शिकावयास येणारा विद्यार्थी पुष्कळदा मराठी माध्यमातून आलेला असतो. 'एमएस-सीआयटी'चे प्रमाणपत्र त्याच्यापाशी बहुधा असते. त्या अभ्यासक्रमास नावे ठेवण्याची एक रीत पडली आहे, ती न्याय्य नव्हे. फाइल कोठे ठेवली व तिला काय नाव दिले हे ज्यास सांगता येते त्याची निम्मी वाट सरलेली असते. परंतु तक्त्यात आकडे भरणे आणि त्या आकड्यांविषयी प्रश्न विचारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी येत नसल्यामुळे भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा एखाद्या जाणकाराच्या स्वाधीन करावयाचा आणि आठवड्याने त्याजकडून छापील कोष्टके आणावयाची, असा प्रघात अनेक ठिकाणी दृष्टीस पडतो. कोष्टके शुद्ध असतील, नसतीलही. तोंडी परीक्षेत 'हा आकडा कोठून आला?' असे विचारले असता विद्यार्थी निरुत्तर होतो, कारण तो आकडा त्याचा नसतोच.

समाजशास्त्रांसाठी असलेल्या सर्वांत प्रसिद्ध आज्ञावलीचे, 'एसपीएसएस'चे, उदाहरण घेऊ. ही १९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मास आली. २००९ मध्ये ती आयबीएम कंपनीने विकत घेतली. आज विद्यार्थी तिच्या पडद्यावरील सूचीतून निवड करतो आणि उत्तर मिळवितो. परंतु त्या निवडीच्या पाठीमागे एक लिखित आज्ञा असते, व ती पाहण्याची सोयही तेथेच असते. या लिखित रूपास त्या आज्ञावलीत 'सिंटॅक्स' असेच नाव आहे. सिंटॅक्स म्हणजे वाक्यविन्यास. भाषाशास्त्रज्ञास आनंद व्हावा असा हा योग होय. आज्ञेच्या आरंभी आज्ञार्थी क्रियापद येते, मागून ज्यावर क्रिया करावयाची ते चल येतात, आणि अखेरीस पूर्णविराम द्यावा लागतो. तो विसरला तर वाक्य अपुरे राहते, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो.

ही वाक्ये लिहून ठेवण्याचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, परीक्षेच्या चिंतेवर वीस विधानांची एक प्रश्नावली आहे आणि प्रत्येक विधानास १ ते ५ असे गुण आहेत. त्यांतील काही विधाने उलट अर्थाची असतात. 'परीक्षेच्या आदल्या रात्री मला शांत झोप लागते' यास ५ गुण देणारा प्रयुक्त चिंताग्रस्त नव्हे. म्हणून अशा विधानाचे गुण ६ मधून वजा करून घ्यावे लागतात. सूचीतून हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने सोमवारी ते केले, गुरुवारी केल्याचे स्मरण राहिले नाही, आणि त्याच स्तंभावर पुन्हा केले. ६ मधून ५ वजा जाता १ उरतो. ६ मधून १ वजा जाता पुन्हा ५. दोनदा उलटविलेला स्तंभ मूळ रूपात येतो, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही. फार झाले तर विश्वसनीयतेचा गुणांक अनपेक्षितपणे खाली येतो व विद्यार्थी प्रश्नावलीस दोष देतो. आज्ञा लिहिलेली असती तर ती एका दृष्टिक्षेपात वाचता आली असती. स्वतःस, मार्गदर्शकास, आणि पाच वर्षांनी तीच प्रश्नावली वापरू इच्छिणाऱ्या तिसऱ्या कोणासही.

ही अडचण केवळ आमच्याकडील नवशिक्यांची आहे असे मात्र समजू नये. नेदरलँडमधील टिलबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ ते २०१३ या काळातील मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील लेख एका स्वयंचलित आज्ञावलीने तपासले आणि त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केला. लेखात दिलेल्या आकड्यांवरूनच सार्थकतेची पातळी पुन्हा काढून पाहावयाची, एवढेच ती आज्ञावली करते. सुमारे निम्म्या लेखांत निदान एक आकडा जुळत नव्हता. आठांमागे एका लेखात तर तफावत अशी होती की मूळ निष्कर्षच बदलू शकला असता. लबाडीपेक्षा नजरचुकीनेच हे पुष्कळ ठिकाणी झाले असावे. हाताने उतरविलेला आकडा चुकतो, यात नवल ते काय?

आता 'आर' या आज्ञावलीकडे वळू. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती निर्माण केली. १९९५ पासून ती सर्वांस विनामूल्य व खुली आहे. एसपीएसएसच्या परवान्यास पैसे पडतात आणि ते न देता मिळविलेल्या प्रती संगणकास रोग व विद्यार्थ्यास वाईट सवय लावतात. म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी आरचा विचार आधी व्हावयास हवा. येथे सूची नाही, लिहावेच लागते. विद्यार्थी बिचकतो तो येथेच, आणि कारण सांगतो इंग्रजीचे. हे कारण खरे नव्हे. आरमधील नित्याचे शब्द पन्नास-साठांपलीकडे जात नाहीत, आणि ते इंग्रजी असले तरी त्यांची रचना इंग्रजीची नाही. तिचे व्याकरण पुण्याच्या विद्यार्थ्यास जितके परके तितकेच लंडनच्याही. क्रियावाचक शब्द आधी, आणि ज्यावर क्रिया करावयाची ते कंसात, असा तिचा मूळ क्रम. क्रियांवर क्रिया आल्या की कंसात कंस बसतात, आणि वाक्य आतून बाहेर वाचावे लागते. परंतु २०२१ च्या मे महिन्यातील ४.१ या आवृत्तीपासून आरच्या मूळ भाषेतच एक जोडचिन्ह आले आहे. त्यापूर्वी ते वेगळ्या पुरवणीतून घ्यावे लागे. त्यामुळे आधी आधारसामग्री, मग तिची गाळणी, मग गट, आणि शेवटी सरासरी असे क्रमाने लिहिता येते. कर्म आधी आणि क्रिया मागाहून, हा तर मराठी वाक्याचाच क्रम! ज्यास अगदीच धीर होत नाही त्याने आरवरच उभारलेली 'जामोव्ही' ही विनामूल्य आज्ञावली प्रथम घ्यावी. तीत सूचीही आहे आणि सूचीमागील आरची वाक्येही दाखविता येतात. मात्र एकाच वर्षी चार आज्ञावल्या चाखून पाहण्याचा मोह टाळावा.

व्याकरण आले तरी अर्थ येतोच असे नाही, आणि अर्थ येथे संख्याशास्त्राचा आहे. या बाबतीत अकोल्याच्या विद्यार्थ्यास एक शेजार लाभला आहे, त्याची त्यास सहसा जाणीव नसते. मानसशास्त्रात सर्रास वापरली जाणारी 'अनोव्हा'ची पद्धती रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या निमित्ताने विकसित केली. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९२५ चा. भारतात पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने ती कृषिसंशोधकांच्या हाती दिली, आणि १९६९ पासून अकोल्यात असलेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती नित्याची आहे. शेताचे मोठे तुकडे पाडून त्यांना पाण्याच्या दोन पद्धती लावावयाच्या आणि प्रत्येक तुकड्यातील लहान वाफ्यांना खताची तीन प्रमाणे द्यावयाची, हा शेतीतील एक जुना आराखडा. मोठ्या तुकड्याच्या जागी मनुष्य ठेवा आणि वाफ्यांच्या जागी त्याची तीन वेळा घेतलेली चाचणी ठेवा. मानसशास्त्राचा 'मिश्र' आराखडा तयार झाला. चाळीस प्रयुक्तांची तीन वेळा चाचणी घेतली तर एसपीएसएसमध्ये चाळीस ओळी व तीन स्तंभ होतात, आरमध्ये बहुधा एकशेवीस ओळी लिहाव्या लागतात. या ओळी म्हणजे एकशेवीस माणसे नव्हेत. एका तुकड्यातील वाफे परस्परांचे सोयरे असतात हे आज्ञावलीस शब्दांत सांगावे लागते. न सांगितल्यास ती बिनतक्रार चुकीचे उत्तर देते. कापसाच्या प्रक्षेत्रावर एक सकाळ घालविल्यास हे जितके लवकर उमगेल तितके दहा व्याख्यानांनी उमगणार नाही.

प्रयोगाच्या आज्ञावलीविषयी थोडक्यात. 'सायकोपाय' ही विनामूल्य असून तिच्या साहाय्याने प्रतिक्रियाकाल मोजता येतो. सामान्य पडदा सेकंदास ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकते; शब्द बरोबर २० सहस्रांश दाखवा, ही आज्ञा त्यावर पाळलीच जाणार नाही.

अखेरीस ज्या प्रश्नाची चर्चा इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही आणि ज्यावाचून मराठी प्रयुक्तांवरील संशोधन पुढे सरकत नाही, त्याकडे येऊ: देवनागरी लिपी. शब्दओळखीच्या प्रयोगात शब्दांची लांबी समान ठेवावी लागते. 'क्षेत्र' या शब्दात अक्षरे किती? कोणताही मराठी वाचक दोन म्हणेल. आरला विचारल्यास सात हे उत्तर येते, कारण ती क, हलन्त चिन्ह, ष, मात्रा, त, पुन्हा हलन्त चिन्ह आणि र अशी युनिकोडमधील एकके मोजते. अक्षरगट मोजण्याची वेगळी सोय आहे, परंतु जुन्या नियमांनी तीही चार म्हणे. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे आज्ञावलीच्या वयावर शब्दाची लांबी अवलंबून! कोणती मोजणी मनाच्या दृष्टीने खरी, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि तो आमच्याच विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा आहे. रंगशब्दांच्या स्ट्रूप-प्रयोगात आणखी एक गुंता: 'निळा', 'हिरवा' ही रूपे लिंगानुसार बदलतात, 'लाल' बदलत नाही. इंग्रजी प्रयोगाचे नुसते शब्दांतर येथे पुरत नाही.

खुल्या प्रश्नांची मराठी उत्तरे टंकित करताना तर अधिकच जपावे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात लिहिलेला मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसतो, पण आज्ञावलीस तो अर्थहीन रोमन चिन्हांचा पुंजका असतो. तक्त्यात '५' असा देवनागरी अंक लिहिला तर आर त्यास संख्या मानीत नाही. संख्येत रूपांतर करावयास सांगितले की ती त्या जागी 'उपलब्ध नाही' अशी खूण ठेवते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठीस प्राणभूत आहे. परंतु 'दऱ्या' हा शब्द दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो, पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात, आणि शब्दांची वारंवारता मोजताना ती दोन स्वतंत्र शब्द म्हणून गणली जातात. म्हणून टंकलेखनास आरंभ करण्यापूर्वीच कोणता टंक, कोणते अंक, आणि अशा जोडाक्षरांसाठी कोणत्या कळा, याचा पानभर नियमतक्ता करावा. काम एकाहून अधिक जणांत वाटलेले असल्यास प्रत्येकाकडे त्याची एक प्रत द्यावी, आणि प्रबंधिकेच्या परिशिष्टात तो लिखित आज्ञांच्या लगतच छापावा.