सेन्सर बोटाने धरू नका

दाताचा एक्स-रे काढताना सेन्सर सरकतो आणि मदतनीस पुढे होऊन तो बोटाने दाबून धरते. नेमकं हेच करायचं नाही. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी सुरुवातीच्या काळात वर्षानुवर्षं हातांवर हे किरण झेलले. कर्करोगाने आधी बोटं गेली, मग हात. १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला.

आजच्या यंत्रांचा डोस फारच कमी. पण पेशंटचा एक्स-रे कधीमधी निघतो, कर्मचाऱ्यांसमोर मात्र रोज निघतो. त्यांच्यापर्यंत पोचतात ते मुख्यतः पेशंटच्या डोक्यावरून विखुरलेले किरण. अंतर दुप्पट केलं की त्यांची तीव्रता साधारण एक चतुर्थांश उरते. म्हणून बटणाची वायर लांबच हवी. आडोसा नसेल तर निदान दोन मीटर दूर, किरणांचा रोख चुकवून उभं राहावं. सेन्सर होल्डरमध्ये बसवावा. नाहीच जमलं तर पेशंटने स्वतः धरावा.

मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. नियम पाळणाऱ्या दंतदवाखान्यात कोणी तिच्या जवळपासही जात नाही. गरोदरपणाची बातमी मात्र डॉक्टरांना लगेच सांगावी आणि ती निःसंकोच सांगता येईल असं वातावरण डॉक्टरांनी ठेवावं. पोटातल्या बाळासाठी मर्यादा पुढच्या सगळ्या महिन्यांची मिळून १ मिलिसिव्हर्टच आहे.