उत्तर बरोबर, पण रेणू कुठे आहेत?

१० ग्रॅम खडूची १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाशी पूर्ण अभिक्रिया घडवायची असेल, तर आम्ल किती मिलिलिटर लागेल? (इथला खडू चुनखडीचा. फळ्यावरचा आपला खडू बहुधा जिप्समचा असतो आणि त्याच्यावर आम्ल फेसाळत नाही.) प्राध्यापक हे गणित तोंडी करतात आणि २०० मिलिलिटर म्हणून मोकळे होतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट हे आठवावं लागतं. मग सूत्र लिहायचं, अणुभारांची बेरीज करून १०० काढायचे, १० ग्रॅम म्हणजे ०.१ मोल हे ठरवायचं, समीकरण मांडून ते संतुलित करायचं, कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात हे त्यातून वाचायचं आणि शेवटी ०.२ मोल आम्ल किती मिलिलिटर द्रावणात सापडेल ते काढायचं. हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून!

हे उदाहरण ग्लासगो विद्यापीठातल्या ॲलेक्स जॉनस्टन यांचं. पदार्थाचा उत्कलनबिंदू जसा मोजता येतो, तसं विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हेही मोजता येतं, या विश्वासाने ते आयुष्यभर काम करत राहिले. १९८६ मध्ये त्यांनी आणि एल-बन्ना यांनी प्रश्नांमधल्या विचारांच्या पायऱ्या मोजल्या आणि प्रत्येक प्रश्न किती जणांना सुटला हे त्यासमोर मांडलं. पायऱ्या वाढतील तसं यश हळूहळू कमी होत जाईल, असं कुणालाही वाटेल. आलेख निघाला तो वेगळाच. साधारण पाच पायऱ्यांपर्यंत बरेच विद्यार्थी टिकतात आणि त्यापुढे आलेख एकदम कोसळतो. माणसाच्या कार्यस्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, हे मानसशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. त्याच मर्यादेचा ठसा आता रसायनाच्या उत्तरपत्रिकांत उमटलेला दिसत होता. प्राध्यापकांची स्मृती काही मोठी नसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांनी सात-आठ पायऱ्यांचं एक गाठोडं बांधलेलं असतं, एवढंच. ज्याला आपण ‘कच्चा’ म्हणून सोडून देतो त्या मुलाकडे कित्येकदा फक्त हे गाठोडं नसतं. माझ्या मते या संपूर्ण संशोधनातला हा सर्वांत दिलासा देणारा शोध आहे.

जॉनस्टन यांनी त्याआधी, १९८२ मध्ये, रसायनशास्त्र अवघड का वाटतं याचं आणखी एक कारण दाखवून दिलं होतं. हा विषय तीन पातळ्यांवर चालतो. पहिली डोळ्यांना दिसणारी: रंग, वास, साका, बुडबुडे. दुसरी अणुरेणूंची, जी कधीच दिसत नाही. तिसरी सूत्रं आणि समीकरणांची. शिकवणारा एकाच वाक्यात तिन्ही पातळ्यांवरून फिरून येतो आणि आपण कुठून कुठे गेलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. ऐकणारा मात्र समीकरणालाच धरून बसतो, कारण वहीत उतरवता येतं ते तेवढंच.

याचा पुरावा १९८७ मध्ये सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी समोर आणला. वायुनियमांची नेहमीची गणितं विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी सुटत होती. मग त्यांना एक चित्र दाखवलं: पोलादी टाकीत हायड्रोजन वायू, तापमान २० अंश सेल्सियस, दाब ३ ॲटमॉस्फियर, रेणूंच्या जागी टाकीभर पसरलेले ठिपके. तापमान उणे २० अंशांवर आणलं तर दिलेल्या पर्यायांतलं कोणतं चित्र बरोबर ठरेल? हायड्रोजन द्रवरूप होतो तो उणे २५३ अंशांच्या आसपास. म्हणजे उणे २० अंशांना तो पूर्णपणे वायूच असतो आणि ठिपके पूर्वीसारखेच सगळीकडे पसरलेले हवेत. तरीही अनेकांनी ठिपके तळाशी साचलेलं किंवा गोळा झालेलं चित्र निवडलं. दाब आणि आकारमानाचं गणित अचूक सोडवणाऱ्या मुलांच्या मनात वायूचं चित्रच नव्हतं.

पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज बॉडनर यांनी पीएच.डी.साठी दाखल झालेल्या रसायनाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं? बहुतेकांनी पाण्याची वाफ हे बरोबर उत्तर दिलं. पण काहींनी हवा किंवा ऑक्सिजन म्हटलं आणि थोड्यांनी चक्क हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण. म्हणजे चहाच्या आधणात पाण्याच्या रेणूचे बंध तुटत असतात, असं पदवी मिळवलेल्या माणसालाही वाटू शकतं.

तंत्रज्ञानाचं खरं काम इथे सुरू होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकण्याची व्यवस्था सुरू झाली. सत्तरच्या दशकात तिच्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटत आणि पडद्याला बोट लावून उत्तर देता येई. तिथल्या स्टॅन्ली स्मिथ यांनी तिच्यासाठी सेंद्रिय रसायनाचे धडे रचले. ऊर्ध्वपातनाच्या धड्यात विद्यार्थी पडद्यावरच उष्णता कमीजास्त करून द्रव वेगळे करी. घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

पुढे १९९५ मध्ये विकी विल्यमसन आणि मायकेल अब्राहम यांनी व्याख्यानांत रेणूंच्या हालचालींची ॲनिमेशन्स दाखवून पाहिली. ती पाहिलेल्यांची कणांविषयीची समज इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस निघाली.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मेलनी कूपर यांनी दिशाच उलटी केली. विद्यार्थ्याला चित्र दाखवण्याऐवजी त्याच्याकडून ते काढून घ्यायचं. त्यांच्या गटाच्या ‘बीसॉक्रॅटिक’ प्रणालीत मुलं पडद्यावर चित्र काढतात आणि ते कसं काढत नेलं हे रेघेगणिक पुन्हा पाहता येतं. इथेनॉलमधला हायड्रोजन बंध दाखवा, असं सांगितल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी तो दोन रेणूंच्या मध्ये न दाखवता एकाच रेणूच्या आत, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या मधोमध दाखवला. लेखी व्याख्या वाचून ही चूक पकडता आली नसती, कारण त्या व्याख्या इतक्या मोघम होत्या की बंध रेणूच्या आतला की बाहेरचा हेच त्यांवरून ठरेना.

वर्गात काय बदलायचं याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना तासातच विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. एखाद्या औषधाने असा फरक दाखवला असता तर ते केव्हाच सर्वांना मिळालं असतं.

प्रयोगशाळेतली अडचण मला सर्वांत जवळची वाटते. नवी काचसामग्री, नवं तंत्र, तोंडी सूचना, लेखी कृती, आकडेमोड, सगळं एकाच प्रात्यक्षिकात अंगावर येतं. मग मुलं विचार बाजूला ठेवून छापील कृतीच्या मागे जातात. आपल्याकडेही सी.बी.आर. (ब्युरेटचं स्थिर वाचन) जुळला, जर्नलवर सही झाली, की टायट्रेशन संपतं. निर्देशकाचा रंग नेमका त्याच थेंबाला का पालटला, हे विचारायला वेळच राहत नाही. जॉनस्टन यांचा उपाय साधा होता: प्रयोगाच्या आधी थोडी पूर्वतयारी, म्हणजे लागणारी संकल्पना आणि आकडेमोड आधीच हाताखालून गेलेली असेल. कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड यारॉन यांनी उभारलेली आभासी प्रयोगशाळा आणि आपल्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्प हे या पूर्वतयारीला फार उपयोगी आहेत. ब्युरेटची तोटी हाताने फिरवायला मात्र खरी ब्युरेटच लागते. ज्या महाविद्यालयांत आभासी प्रयोगाच्या नावाखाली खरा प्रयोग बंद होतो तिथे मुलांचं नुकसान होतं, हे स्पष्ट म्हणायला हवं.

विज्ञान कसं शिकलं जातं याच्या अभ्यासाचं एक महत्त्वाचं केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं. २००१ चं आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरलं आणि २००४ पासून हे केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालवतं.

आणि ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ‘फेट’ आहे. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. इथली प्रत्येक संगणकीय प्रतिकृती तयार होताना विद्यार्थ्यांना ती हाताळू देतात, त्यांना मोठ्याने विचार करायला सांगतात आणि ते जिथे गोंधळतात तिथे ती बदलतात. पदार्थाच्या अवस्था, वायूंचे गुणधर्म, समीकरणांचं संतुलन असे रसायनाचे अनेक विषय त्यात आहेत. यांतल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत आणि फोनच्या ब्राउझरमध्ये मोफत चालतात. शिक्षकाने एवढंच करावं, की प्रतिकृती सुरू करण्याआधी रेणू कसे हलतील याचं चित्र प्रत्येकाकडून कागदावर काढून घ्यावं.